साखर पेठ, अध्याय सतरा

जहाज न्हावाशेवाला लागतं,
कागद मात्र इथं येतात,
कन्ना चौकात, टॉवेलच्या गोदामावरच्या खोलीत,
जिथं पंखा फिरला की बिलं उडतात
आणि चिट्याल साहेब त्यांवर ठेवतात
मोडीत निघालेल्या मागाचा धोटा.

माझं काम आठ आकड्यांचं.
बाहेरून आलेल्या प्रत्येक गोडाला
घर शोधून द्यायचं.
जिलेटिनचं अस्वल, पाकातलं अंजीर,
चघळायचं पण गिळायचं नाही असलं च्युइंगम,
एकेकाला समोर बसवून विचारते,
तू कशाचा?
आणि तुझ्यात सगळ्यात जास्त काय आहे?
नियमच आहे तसा. तिसरा, पोटकलम ख.

खलील बागवानांचा माल अडकलाय.
तुर्की मिठाई, चारशे खोकी, रमजानच्या तोंडावर.
मी लिहिलं होतं सतरा-शून्य-चार,
साखरेची मिठाई, कोको नसलेली.
तिकडून पत्र आलं : नसलेली, कशावरून?
बागवान तीनदा जिना चढले.
तिसऱ्यांदा पिशवीतून खोकंच काढलं.
"तुम्हीच बघा ताई. गुलाब, लिंबू, पिस्ता.
कोको कुठनं येतंय त्यात?"

खोकं मी घरी आणलं, साखर पेठेत.
पेठेच्या नावावर जाऊ नका.
शीर्षकं केवळ सोयीसाठी असतात,
हा तर पहिलाच नियम.

अप्पांनी चाळीस वर्षं हारडे ओतले.
लाकडी साचा, साच्यातून दोरा,
दोऱ्यावर उकळता पाक.
साचे आता माळ्यावर गेलेत,
बोटांना मात्र तार अजून कळते.

हिरवा तुकडा त्यांनी बल्बाखाली धरला,
चिमटीत दाबला, ताणला.
"नुसती साखर न्हवं ही. मक्याचा रस घातलाय,
म्हणून असं लोळतंय."
लिंबू झालं, गुलाब झाला.
चौथ्या पाकिटातला तपकिरी तुकडा
मी जुना झालेला गुलाबच समजले होते.
तो त्यांनी जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.
गल्लीत चार दिवसांनी पाणी आलं होतं,
घागरी वाजत होत्या,
अप्पा अजून डोळे मिटूनच.
"कडू हाय गं शरणे. लांबनं कडू.
कोकोचं बोट लावलंय कुणीतरी."

एक बोट.
तेवढ्यावर अख्खं पाकीट
सतराव्या अध्यायातून उठतं
आणि अठराव्यात जाऊन बसतं.

सकाळी मी खरं ते लिहिलं,
तीन पाकिटं इकडं, चौथं तिकडं.
चिट्याल साहेब धोटा हातात फिरवत म्हणाले,
"तळातलं पाकीट कोण फोडणार होतं बे?"
बागवान बराच वेळ जिन्यातच उभे.
मग म्हणाले, "भरतो फरक.
रोजा सोडताना घशात अडकायला नको."
जाता जाता मागं वळले,
"अब्बांची जीभ भारी आहे तुमच्या."

रात्री भाकरी मोडता मोडता अप्पांनी विचारलं,
"माझ्या हारड्याला कुठला आकडा गं, तुझ्या पुस्तकात?"
मी हात धुऊन पुस्तक घेतलं.
खाऊ म्हणावं, तर गळ्यात घालतात.
दागिना म्हणावं, तर मुंग्या लागतात.
सणाचं सामान म्हणावं, तर अध्याय पंचाण्णव,
शेजारी खेळणी आणि पत्त्यांचा कॅट.
काहीच ठरेना, तर नियम सांगतो,
ओळीत जो आकडा शेवटी येतो तो घ्यावा.

"शेवटीच यायचा की तो," अप्पा हसले.
"सगळा माल विकून उरलेला, एक बाजू फुटकी.
तोच तुझ्या गळ्यात.
संध्याकाळपर्यंत चोखून चोखून
नुसता दोरा राहायचा."

दोरा अध्याय बावन्न, मी म्हणाले. सुती.
त्यावर जकात नाही, अप्पा.
तो इथलाच होता, जुन्या मिलचा.